अधिकार कामाला द्या, खिडकीला नको

लिनक्सवर एखादी सिस्टीम फाइल बदलायची असली, की सर्रास दिला जाणारा सल्ला ठरलेला असतो: टर्मिनल उघडा, ‘सुडो’ लिहा, पुढे एडिटरचे नाव टाका आणि पासवर्ड द्या. एडिटरची खिडकी उघडते, काम होते आणि त्यामुळेच हा सल्ला टिकून आहे. पासवर्ड विचारला गेला म्हणजे सुरक्षेची काळजी घेतली गेली, असा समजही त्यामागे असतो. पण पासवर्ड एवढेच सांगतो की हुकूम मालकाचा आहे. त्या हुकमानंतर नेमका किती कोड ‘रूट’, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी, बनतो हे तो सांगत नाही. खरा प्रश्न तोच आहे. त्याचे उत्तर पाहिले, तर चित्रमय प्रोग्राम सबंधच्या सबंध रूट म्हणून चालवण्याची सवय सोडून दिली पाहिजे.

फाइलचे नाव बदलणारी साधी कमांड आणि खिडकी उघडणारा प्रोग्राम यांत मोठा फरक आहे. खिडकी उघडायची म्हणजे फॉन्ट वाचायचे, चित्रे उलगडायची, थीम आणि प्लगइन भरायचे, इतर प्रोग्रामांशी निरोपांची देवघेव करायची. रूटचा अधिकार दिला की तो या सगळ्या पसाऱ्याला मिळतो. हवा असतो मात्र एक फाइल जतन करण्यापुरता. सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ सालीच मांडले होते की प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच, कमीत कमी अधिकार असावा. ‘वायरशार्क’ या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्रामने हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. नेटवर्कवरचा मजकूर पकडायला विशेष अधिकार लागतो. पकडलेल्याचा अर्थ लावायला लागत नाही. आणि चुका सापडतात त्या मुख्यतः अर्थ लावणाऱ्या अवाढव्य भागात. म्हणून पकडण्याचे काम ‘डंपकॅप’ या छोट्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवले आहे. खिडकी सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालते.

१९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या ‘एक्स’ या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रणालीमुळे धोका आणखी वाढतो. तिच्या नेहमीच्या मांडणीत एकाच पडद्यावरचे प्रोग्राम एकमेकांवर विश्वास ठेवतात. एक प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा ऐकू शकतो, तिच्याकडे खोट्या कळाही पाठवू शकतो. म्हणजे शेजारी रूटची खिडकी उघडी असेल, तर एखाद्या फसव्या प्रोग्रामला पासवर्ड फोडण्याची गरजच उरत नाही. हल्लेखोर बाजूला ठेवला तरी साधा मनस्ताप आहेच. जुन्या मांडणीत ‘सुडो’ने उघडलेला एडिटर वापरकर्त्याच्याच होम फोल्डरात रूटच्या मालकीच्या फाइली सोडून जाई. त्यात लॉगिनसाठी लागणारी फाइल सापडली, की पासवर्ड बरोबर असूनही माणूस पुन्हा लॉगिनच्या पडद्यावर येई.

पर्याय उपलब्ध आहेत. ‘पोलकिट’ ही व्यवस्था खिडकीला रूट करत नाही. खिडकीने मागितलेले एकेक काम पडद्यामागच्या सेवेकडून करून घेण्याची परवानगी तपासते. ‘ग्नोम’ या लिनक्स डेस्कटॉपचा ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम याच पद्धतीने डिस्कचे विभाग बदलतो. ‘सुडोएडिट’ तर फाइलची तात्पुरती प्रत तुमच्याच नावाने चालणाऱ्या एडिटरमध्ये उघडते आणि बदल झाल्यावर तेवढीच प्रत रूटच्या अधिकाराने जागेवर ठेवते. २०१६ च्या अखेरीस फेडोरा २५ या लिनक्सच्या आवृत्तीत ‘एक्स’च्या जागी ‘वेलँड’ ही नवी प्रणाली मूळ निवड झाली, तेव्हा रूटच्या खिडक्या उघडेनात आणि अनेकांनी तक्रारी केल्या. २०१८ मध्ये डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाने ‘जीकेसुडो’ या, खिडक्या रूट म्हणून उघडणाऱ्या जुन्या साधनाला निरोप दिला. गैरसोय झाली हे खरे, पण दिशा योग्य होती.

यावर पहिला आक्षेप असा, की घरच्या संगणकावर माझ्याखेरीज कोणीच नाही. माझे फोटो, पत्रे, बँकेचे तपशील रूट न होताही चोरता येतात. मग रूट वाचवून काय साधले? चोरीपुरते हे म्हणणे खरे आहे. पण रूट झालेला घुसखोर फक्त चोरत नाही, तो मुक्काम ठोकतो. नोंदी पुसतो, सिस्टीमचेच प्रोग्राम बदलतो आणि संगणक स्वतःबद्दल जे सांगेल त्यावर विश्वास ठेवता येणार नाही अशी अवस्था करतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या कंपनीने पोलकिटच्याच ‘पीकेएक्झेक’ या कमांडमधली ‘पॉनकिट’ ही चूक उघड केली. ती २००९ पासून तिथे होती आणि तिच्या आधारे कोणीही सामान्य वापरकर्ता रूट होऊ शकत होता. म्हणजे पहारेकरीच कच्चा निघाला. पण यातून पहारा नको असा निष्कर्ष निघत नाही. चूक एका छोट्या प्रोग्रामात होती, त्यामुळे एकाच जागी दुरुस्त झाली. हजारो खिडक्यांत विखुरलेल्या चुका तशा आवरता येत नाहीत.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे: संगणक माझा, मला अडवणारे तुम्ही कोण? २०१७ मध्ये ‘केडीई’ या डेस्कटॉपच्या ‘डॉल्फिन’ या फाइल व्यवस्थापकाने रूट म्हणून चालायला नकार दिला, तेव्हा रूटच्या फाइली हाताळण्याचा दुसरा सोयीचा मार्ग त्यात नव्हता. नुसता नकार माणसाला आडवाटेला लावतो. ‘एक्सहोस्ट’ या कमांडने ‘एक्स’चा पडदा सरसकट सगळ्यांना खुला करण्यापर्यंत लोक जातात, आणि ते मूळ सवयीहून वाईट. म्हणून जबाबदारी आधी प्रोग्राम लिहिणाऱ्यांची आहे. ‘जतन करा’ दाबल्यावर तेवढ्या एका कामासाठी परवानगी मागणारा एडिटर दिला, तर ‘सुडो’ लावून खिडकी उघडायला कोणी जाणार नाही. वापरकर्त्यानेही पासवर्ड देण्यापूर्वी परवानगी एका कामासाठी मागितली जाते आहे की सबंध प्रोग्रामसाठी, एवढे वाचून घ्यावे.