परगावच्या माणसाचे तिकीट

मुंबईत पहाटेच्या गाडीने उतरणारा परगावचा माणूस हा पर्यटक असतो, अशी एक सोयीस्कर समजूत नगरवाहतुकीचे दर ठरविणाऱ्यांनी करून घेतलेली दिसते. प्रत्यक्षात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या किंवा दादरच्या फलाटावर गाठोडे सांभाळीत उभा असलेला माणूस सहसा निराळ्याच कामासाठी आलेला असतो. कोणी परळच्या टाटा रुग्णालयात आईला दाखवायला आणलेले असते, कोणी मंत्रालयात अडकलेल्या कागदामागे आलेला असतो, कोणी मुलाखतीचे पत्र खिशात घेऊन आलेला असतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चैत्यभूमीकडे लोटणारा जनसागर तर वेगळाच. या माणसाचा या शहराशी पडणारा पहिला व्यवहार म्हणजे तिकीट, आणि त्याच व्यवहारात त्याला पहिला चटका बसतो.

परळचेच उदाहरण घ्यावे. टर्मिनसपासून परळपर्यंत लोकलच्या द्वितीय वर्गाला पाच रुपये पडतात. तेवढ्याच अंतराला टॅक्सीचे मीटर दीडशेच्या घरात जाते. कारण १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडेच ३१ रुपये झाले आहे. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन भाड्यांत तिसाव्या पटीचे अंतर. मुंबईकराला हे ठाऊक असते. परगावच्या माणसाला आजारी आईला घेऊन त्या गर्दीत कोणत्या डब्यात चढावे हेच ठाऊक नसते. कर्करुग्णांना अपंगांच्या राखीव डब्यातून जाता येते, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. घाईत तो प्रथम वर्गात शिरला तर तिकीट-तपासनीस किमान अडीचशे रुपयांचा दंड आणि वर भाड्यातील फरक वसूल करतो. पाच रुपयांच्या प्रवासाला पन्नासपट दंड! डब्यावरील तिरपे पट्टे पाहून वर्ग ओळखायचा, ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नाही.

‘प्रवाशाला निवडीचे स्वातंत्र्य आहे’ असे यावर सांगण्यात येते. ही निवड कशी असते ते पाहण्याजोगे आहे. रेल्वेचे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट आहे. ते घेऊन पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर कितीही वेळा फिरता येते. पण द्वितीय वर्गाचे साधे तिकीट इतके स्वस्त आहे की दिवसातून एकदा रुग्णालयात जाऊन परतणाऱ्याने हे तिकीट घेतले तर तो बुडतोच. ते परवडते फक्त दिवसभर वणवण करणाऱ्याला. उलट, उपचारासाठी महिना-दीड महिना धर्मशाळेत राहणाऱ्या कुटुंबाने मासिक पास काढला, तर पंधरा-वीस एकेरी तिकिटांच्या किमतीत महिनाभर प्रवास होतो. पण पास हा नोकरदारांचा, आपला नव्हे, अशीच पाहुण्याची समजूत असते आणि खिडकीतला कारकून मागच्या रांगेमुळे ती दूर करण्याच्या फंदात पडत नाही.

बेस्टचा हिशेब आणखी बोलका आहे. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. मासिक पास नऊशेचा अठराशे झाला. दैनंदिन पास साठाचा पंचाहत्तर झाला. साध्या बसला पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये, दहा किलोमीटरपर्यंत पंधरा, असे टप्पे आहेत. अंतर वाढेल तसा दर किलोमीटरमागे कमी व्हावा, हे तत्त्व जुने आहे आणि न्याय्यही आहे. परंतु थेट बस ज्याला ठाऊक आहे तो दहा किलोमीटर पंधरा रुपयांत जातो, आणि मध्येच उतरून दुसरी बस धरणारा त्याच दहा किलोमीटरना वीस रुपये मोजतो. मार्ग न कळल्याचा हा पाच रुपयांचा दंडच होय, मात्र त्याची पावती मिळत नाही.

मेट्रोने हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर केला आहे. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला तो खाजगी भागीदारीतील कंपनीचा. दहिसर-अंधेरीकडचे दोन मार्ग प्राधिकरणाच्या दुसऱ्या कंपनीचे. आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा झाला, तो तिसऱ्याच महामंडळाचा. त्याचे भाडे दहा ते सत्तर रुपये. घाटकोपरहून निघालेला माणूस मरोळ नाक्याला गाडी बदलतो तेव्हा त्याचा प्रवास एकच असतो, पण भाड्याचा पहिला, सर्वांत महाग टप्पा पुन्हा नव्याने सुरू होतो. कंपन्यांच्या सीमा प्रवाशाच्या खिशावर आखल्या गेल्या आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे एका मोबाइलवर देणारे ‘मुंबई वन’ ॲप थाटात सुरू झाले. सोय झाली, यात शंका नाही. पण एका पडद्यावर अनेक भाड्यांची बेरीज दाखविणे आणि एकच भाडे आकारणे यांत महदंतर आहे. आणि ज्याच्याजवळ तो पडदाच नाही, त्याला खिडकीवाचून गत्यंतर नाही.

सवलतींचेही तेच. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रातील स्त्रीला एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ती मोफत आहे. बीडची किंवा जव्हारची शेतमजूर बाई या सवलतीवर परळच्या एस.टी. स्थानकापर्यंत सन्मानाने येते. स्थानकाच्या फाटकाबाहेर बेस्टच्या थांब्यावर उभी राहिली, की ती पुन्हा पूर्ण भाड्याची उतारू होते. राज्य तेच, बाई तीच, सरकारही तेच!

वर्गभेदाचा मुद्दा येथे टाळता येत नाही. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी लांब पल्ल्याच्या गाड्यांतील द्वितीय वर्गाच्या लाकडी शायिकांवर फोमच्या गाद्या बसविण्यास सुरुवात केली, तेव्हा वरच्या वर्गाची ऐट कमी करण्यापेक्षा खालच्या वर्गाचे हाल कमी करणे हा त्यांचा हेतू होता. ५ मे २०२२ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये भाडे निम्म्यावर आणले गेले ते वातानुकूलित गाड्यांचे आणि प्रथम वर्गाच्या एकेरी तिकिटांचे. तीन वर्षांनी बसचे भाडे दुप्पट झाले. २०२५ मध्ये रेल्वेने इतर भाडी वाढविली तेव्हा उपनगरी तिकिटांना हात लावला नाही, हे मात्र मान्य केलेच पाहिजे. पाच रुपयांचे ते तिकीट हीच या शहरातील गरिबाची शेवटची सार्वजनिक मालमत्ता उरली आहे.

बसची भाडेवाढ झाली त्या वेळी मुंबई महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता; म्हणून बेस्ट समितीत त्यावर वाद होण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. २०१९ मध्ये स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बसगाड्या राखण्याचे वचन कामगार संघटनेला दिले गेले होते. २०२५ पर्यंत हा आकडा पाचशेच्याही खाली आला. भाडे दुप्पट आणि स्वतःच्या गाड्या नाममात्र, असा हा व्यवहार आहे. (याच मुंबईत घोड्याची ट्राम धावू लागली तीही ९ मे रोजीच, १८७४ साली. कुलाबा ते पायधुणी तीन आणे भाडे होते. उतारू वाढले तेव्हा त्या कंपनीने ते दोन आण्यांवर आणले. कंपनी परकी होती, पण हिशेब तिला कळत होता.)

यंत्रे आली की सारे सुरळीत होईल, ही आशा बाळगणाऱ्यांनी लंडनचा इतिहास पाहावा. आज त्या शहरात पाहुण्याने बँकेचे कार्ड टेकविले, की दिवसभराच्या भाड्याला आपोआप कमाल मर्यादा लागते; कोणते तिकीट घ्यावे याची चिंता त्याला करावी लागत नाही. पण ही गोष्ट यंत्रापासून सुरू झालेली नाही. ऑक्टोबर १९८१ मध्ये केन लिव्हिंगस्टन यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्षाच्या बृहन्लंडन कौन्सिलने भाडी सुमारे एकतृतीयांशाने उतरविली आणि त्यासाठी घरपट्टीत वाढ केली. ब्रॉम्ली या उपनगराच्या कौन्सिलने दावा लावला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च विधिपीठाने ही कपात बेकायदा ठरविली. मार्च १९८२ मध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली. तरीही कौन्सिलने माघार घेतली नाही. १९८३ मध्ये कायद्याच्या चौकटीत पुन्हा कपात केली आणि तिच्याबरोबरच बस व भुयारी रेल्वे या दोहोंत चालणारे सामायिक प्रवासपत्र आणले. आजच्या स्वयंचलित मर्यादेचे मूळ त्या राजकीय झगड्यात आहे. तेथे कार्डावाचून बसमध्ये चढता येत नाही, हा दोष आहेच. त्याची नक्कल करण्याचे कारण नाही.

मुंबईत हे अशक्य नाही. रेल्वे केंद्राची, बस महापालिकेची, मेट्रो तीन कंपन्यांची, ही अडचण खरी आहे. पण उत्पन्नाची वाटणी हा या संस्थांच्या लेखापालांचा प्रश्न आहे, उतारूचा नव्हे. सर्व वाहनांत चालणारे एका दिवसाचे कागदी तिकीट खिडकीवर रोख मिळावे. गाडी बदलली तरी अंतराचा टप्पा पुढे चालू राहावा. एस.टी.ची सवलत बेस्टच्या बसमध्येही चालावी आणि तिची भरपाई राज्याने करावी. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना, निदान बसपुरते, कोणतेही नवे यंत्र लागत नाही. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने महापालिकेत पुन्हा लोकनियुक्त सभासद आले आहेत. भाड्याचा ठराव प्रशासकाच्या सहीचा होता, तो सभागृहात फेरविचारासाठी आणण्यास आता निमित्त उरलेले नाही. परगावच्या माणसाला या शहरात मत नाही. त्याच्या वतीने बोलावे लागेल ते मत असलेल्यांनाच.

तोवर कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे एक साधे काम आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या परिसरात पाण्याची आणि पुस्तकांची टेबले लागतात. टाटा रुग्णालयाच्या पदपथावर तर वर्षभर लोक बसलेले असतात. तेथे वाटण्यासाठी एका पानाचे दरपत्रक मोठ्या टाइपात, मराठीत आणि हिंदीत, छापावे. द्वितीय वर्गाचा डबा कसा ओळखावा, रुग्णाने कोणत्या डब्यात बसावे, मासिक पास कोणाला परवडतो, बसचा पंचाहत्तर रुपयांचा पास कितव्या फेरीनंतर वसूल होतो, रिक्षा वांद्रे आणि शीवच्या अलीकडे का येत नाही, एवढे त्यात असले तरी पुरे. मागच्या बाजूला बसमार्गांचे क्रमांक द्यावेत. दर बदलले की नवे पान काढावे.