बसून पाहा, चालवू नका

बैल विकत घेताना आमच्याकडचा शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवतो आणि व्यापारी सरळ असेल तर वखराला जुंपूनही पाहतो. ‘आधी पैसे भर, मग हात लाव’ असं कुणी व्यापारी त्याला म्हणत नाही. म्हटलंच तर पुढच्या बाजारी त्याच्या दावणीकडे कुणी फिरकणार नाही. त्याच शेतकऱ्याचा पोरगा लाखभर रुपयांची मोटारसायकल घ्यायला काचेच्या शोरूममध्ये शिरतो, तेव्हा त्याला सांगितलं जातं : बसून पाहा, चालवू नका. आणि तो बिचारा बसून पाहतो. डबल स्टँडवरच्या गाडीचं हँडल डावी-उजवीकडे फिरवतो, क्लच दाबून सोडतो, आरशात स्वतःचं तोंड पाहतो आणि उतरतो. एवढ्या परीक्षेवर तो पुढची तीन वर्षं हप्ते भरणार असतो.

मी लोहाऱ्याचा. यवतमाळला चिकटलेलं, दारव्हा रोडवरचं, एमआयडीसीचं गाव. इथे डेनिमचं कापड विणलं जातं आणि कारखान्यांची पाळी सुटली की रस्त्यावर दुचाकींची रांग लागते. इथे मोटारसायकल ही हौस नाही. तीच घरची बस, तीच मालवाहू गाडी आणि रात्रीबेरात्री तीच ॲम्ब्युलन्स. तिच्यावर खताची गोणी येते, फवारणीचा पंप जातो, दुधाच्या कॅन लटकतात, मागे बायको आणि टाकीवर पोरगं बसतं. घर, शेत आणि पोरीचं लग्न सोडलं तर सामान्य माणसाची ही सगळ्यात मोठी खरेदी. कापसाचा पहिला पैसा हाती आला की दिवाळीच्या आसपास तो शोरूमची पायरी चढतो.

पायरी चढताच त्याची तपासणी सुरू होते. टायवाला पोरगा आधी पायांकडे पाहतो. बूट असतील तर ‘या सर’, चप्पल असेल तर ‘हां, बोला’. भाच्याला गाडी घ्यायची म्हणून मी यवतमाळच्या अशाच एका शोरूममध्ये गेलो होतो. भाचा म्हणाला, “भाऊ, गाडी चालवून पाहाची होती.”

“बुकिंग केली काय?”

“चालवून पाहिल्यावर करू नं.”

“मंग डेमो गाडी सर्व्हिसिंगले गेली आहे. बसून पाहा नं तुमी. सेम टू सेम आहे.”

सर्व्हिसिंगला गेलेली ती डेमो गाडी दाराबाहेर उन्हात उभी होती. टाकीवर टेस्ट राइडचं स्टिकर होतं आणि सीटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. थोड्या वेळाने एक गृहस्थ आले. त्यांच्याआधी त्यांच्यासाठी कुणाचा तरी फोन आला होता. धूळ पुसली गेली, चावी सापडली, हेल्मेटसुद्धा सापडलं. सर्व्हिसिंग तेवढ्यात आटोपली असावी!

मी मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, “काका, नियमात बसत नाही.” या वाक्याला मात्र आता सोडायचं नाही.

नियमात काय बसतं? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. विक्रेत्याला नोंदणी न झालेली गाडी रस्त्यावर काढता यावी म्हणून आरटीओ त्याला ट्रेड सर्टिफिकेट देतं. ते कशाकशासाठी वापरता येतं त्याची यादी नियम ४१ मध्ये आहे, आणि त्या यादीत संभाव्य खरेदीदारासाठी वाजवी चाचणी किंवा प्रात्यक्षिक हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. खरेदीदार झालेल्यासाठी नव्हे, होऊ शकणाऱ्यासाठी. बुकिंगची पावती दाखवा, असं त्यात कुठेही नाही. म्हणजे टेस्ट राइडला कायद्याची आडकाठी नाही, उलट कायद्याने त्यासाठी सोय करून ठेवली आहे. कायदा विक्रेत्यावर सक्ती करत नाही, हेही खरं. मग सरळ म्हणा की आम्हाला द्यायची नाही. नियमाच्या पदराआड कशाला लपता?

त्याच्या लगेच पुढचा नियम ४२. तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, असं तो सांगतो. आता दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या संध्याकाळी कुठल्याही शोरूमसमोर उभं राहून पाहा. हार घातलेल्या, नारळ फोडलेल्या किती गाड्या नंबराविना बाहेर पडतात ते मोजा. ‘नंबर येईल आठ दिवसांत, कोणी पकडलं तर आमचं नाव सांगा.’ चाचणीच्या वेळी नियमांचा पुतळा होणारा हा माणूस मुहूर्ताच्या वेळी इतका उदार कसा होतो?

ट्रेड सर्टिफिकेट ही नुसती भिंतीवर टांगायची तसबीर नाही, हे २०२५ साली महाराष्ट्राने पाहिलं. ओला इलेक्ट्रिकच्या राज्यातल्या अनेक दालनांकडे हा कागदच नव्हता आणि परिवहन विभागाने त्यांच्यावर कारवाई केली. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कंपनीला नोटीस दिली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात तिच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी जमल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कर्नाटकातल्या कलबुर्गीत दुरुस्तीसाठी खेटे घालून वैतागलेल्या एका ग्राहकाने शोरूमच पेटवून दिलं. त्याने केलं ते गुन्हाच होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण गाडी दुरुस्त करून मागणाऱ्या माणसाला आगपेटीपर्यंत कुणी नेलं, हेही विचारायला हवं.

‘एक चक्कर मारून काय कळतं?’ असं सेल्समन विचारतो. मी सांगतो काय कळतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्या गाडीला सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. वीस वर्षं जुनी गाडी चालवलेल्या माणसाच्या पायाला ते माहीत नसतं. खडीच्या रस्त्यावर, मागे गोणी असताना ते पहिल्यांदा कळावं, की रिकाम्या गाडीवर शोरूमच्या शेजारच्या गल्लीत? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं आणि हळूहळू कितीतरी गाड्यांची किकही गेली. बॅटरी उतरली की गाडी कशी सुरू करायची हे ग्राहकाने विचारायचं कुणाला आणि कधी? सीटची उंची कागदावर मिलिमीटरमध्ये छापलेली असते, पण गाडी थांबल्यावर पाय जमिनीला पुरा टेकतो की नुसता चवडा टेकतो, हे उतारावर थांबल्याशिवाय समजत नाही. पहिल्या गिअरमध्ये, गर्दीत, अर्ध्या क्लचवर गाडी आचके देते का? आमच्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत इंजिनाची धग पोटरीला किती लागते? मागे माणूस बसल्यावर हँडल हलकं होतं का? हेडलाइट गावाबाहेरच्या अंधारात खड्डा दाखवतो, की समोरच्याचे डोळे तेवढे दिपवतो? यातलं एकही उत्तर डबल स्टँडवर मिळत नाही.

आणि हे प्रश्न बाईने विचारले तर? गाडी तिची, पगार तिचा, लायसन्स तिचं. पण सेल्समन उत्तर देतो तिच्या नवऱ्याला. नवरा नसेल तर भावाला, भाऊ नसेल तर सोबत आलेल्या आठवीतल्या पोराला. तिला फक्त रंग विचारायचा, एवढंच त्याला शिकवलेलं आहे.

आता कागदाकडे येऊ. बैलबाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा आणि तिसऱ्याला तो कळायचा नाही. शोरूमने त्या रुमालाची सुधारित आवृत्ती काढली आहे. तिचं नाव ‘ऑन रोड’. एक गोल आकडा सांगायचा आणि आत काय काय आहे ते झाकून ठेवायचं. फोड करून मागितली की सेल्समनचा चेहरा असा होतो, जसा काही आपण त्याच्या घरचा हिशेब मागितला. मी फोड लिहून घेतली. त्यात ‘हँडलिंग’ होतं. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं हा तुमचा धंदा आहे, त्याची वेगळी पट्टी मी का भरू? त्यात ‘ॲक्सेसरीज किट’ होतं आणि किटमध्ये साडी गार्ड होता. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण आणि धरायला पक्की मूठ गाडीला असलीच पाहिजे, असं नियम १२३ सांगतो. जे कायद्याने गाडीचा भाग आहे, ते वेगळ्या पैशांत विकायला काळीज मोठं लागतं. हेल्मेटचंही तेच. दुचाकी विकताना उत्पादकाने मानक हेल्मेट द्यायचं, असं नियम १३८ मध्ये आहे. आमच्याकडे ते ‘गिफ्ट’ म्हणून मिळतं आणि बिलात गुपचूप मोजलंही जातं.

विमा ‘आमच्याकडूनच’ घ्यावा लागतो, ही आणखी एक थाप. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. पण तो कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तर वर्षावर्षाने, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सरकारने आपला हात थोडा आखडला, पण माझ्या हातातल्या त्या कागदावर हँडलिंग आपल्या जागी ठाम बसलेलं होतं. रोख पैसे घेऊन गेलात तर आणखी गंमत. फायनान्सवाल्याला गाडी उद्या आणि रोखवाल्याला पुढच्या महिन्यात. कर्जाच्या फाइलमागे विक्रेत्याला कमिशन असतं, नोटांच्या बंडलामागे नसतं.

शोरूमवाल्यांचं म्हणणंही ऐकून घेतो, कारण ते अगदीच खोटं नाही. पोरं नुसती रीळ बनवायला येतात, गाडी मागच्या चाकावर उभी करतात, आपटतात आणि पळून जातात. मान्य. मग लायसन्स पाहा, त्याची प्रत ठेवा, सही घ्या, मागे तुमचा माणूस बसवा, डेमो गाडीचा विमा पक्का ठेवा. याला अर्धा तास आणि एक रजिस्टर लागतं. चार मवाली आले म्हणून चाळिशीतल्या शिक्षकाला, शिफ्ट करून आलेल्या कामगाराला चोर समजायचं, हा कुठला व्यवहार? टायवाल्या पोराचीही मला कीव येते. त्याचा पगार तुटपुंजा, डोक्यावर महिन्याचं टार्गेट. गिऱ्हाईक पायांवरून ओळखायला त्याला कुणीतरी वरच्यानेच शिकवलं. दोष मालकाचा आहे, आणि त्याहून जास्त त्या कंपनीचा, जी टीव्हीवर लडाखचे घाट दाखवते आणि जिल्ह्याच्या शोरूमला डेमो गाडी चालू ठेवायला भाग पाडत नाही.

ही मुजोरी कुठून आली, तेही सांगून टाकतो. बजाज चेतक १९७२ साली आली आणि पुढे वर्षानुवर्षं लोक नंबर लावून तिची वाट पाहत बसले. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळायची, बाकीच्यांनी रांगेत राहायचं. त्या काळात गाडी विकली जात नव्हती, ती ‘मिळत’ होती. लायसन्स राज १९९१ नंतर गेलं, आज एकेका गल्लीत तीन-तीन कंपन्यांच्या पाट्या आहेत, पण काउंटरमागची खुर्ची अजून तीच. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूत महिंद्राची पिकअप घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला सेल्समनने हिणवलं, त्याच्या खिशात दहा रुपये तरी असतील का म्हणून. तो शेतकरी थोड्याच वेळात दहा लाख घेऊन परत आला. प्रकरण देशभर गाजलं, आनंद महिंद्रांना माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल जाहीरपणे बोलावं लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ती गोष्ट तितकी गोड वाटत नाही. त्याच्याकडे दहा लाख होते म्हणून त्याचा मान परत आला. ज्याला हप्त्यानेच घ्यायची आहे, त्याने काय परत आणून दाखवायचं?

आणि आपण? आपणही कमी नाही. शोरूममध्ये जाण्याआधी आपण गाडीची माहिती काढत नाही, ओळखीचा माणूस शोधतो. कुणाच्या तरी फोनवर मिळालेली टेस्ट राइड चारचौघांत मिरवतो आणि बाजूला चप्पल घालून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतही नाही. बिल न वाचता सही करतो आणि पुठ्ठ्याची मोठी चावी हातात धरून फोटो काढतो. मुहूर्त चुकेल म्हणून घाई करतो. ही घाई शोरूमवाल्याच्या किती पथ्यावर पडते, ते त्याच्या पाडव्याच्या गल्ल्याला विचारा.

तेव्हा लोहाऱ्याच्या, दारव्ह्याच्या, नेरच्या, दिग्रसच्या माझ्या भावा-बहिणींनो, या दिवाळीला एवढं करा. लायसन्स खिशात ठेवा आणि टेस्ट राइड मागा. ‘नियमात नाही’ म्हटलं तर नियम ४१ चं नाव घ्या आणि ट्रेड सर्टिफिकेट दाखवा म्हणा. चालवायला दिली नाही तर बुकिंग करू नका, शेजारच्या शोरूममध्ये जा. किंमत फोड करून, शिक्क्यासह लिहून मागा. त्यात साडी गार्ड आणि हेल्मेट वेगळं लावलं असेल तर तिथेच खोडायला लावा. ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, आणि तरीही नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग यवतमाळातच आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे एक रुपयाही शुल्क लागत नाही.