रकान्यातली बाई

सरकारी आकडे खोटे असतात असं म्हणायची आपल्याकडे एक फॅशनच आहे. मला ते पटत नाही. बेरीज बहुतेक वेळा बरोबर असते हो. भानगड असते ती रकान्यांची. कोणाला कुठल्या रकान्यात बसवायचं हे एकदा ठरलं की पुढे खोटं बोलायची गरजच उरत नाही.

दरवर्षी (बहुधा उशिरानंच) एनसीआरबीची दोन जाडजूड पुस्तकं येतात, एक गुन्ह्यांचं आणि एक अपघाती मृत्यू व आत्महत्यांचं. रोजगाराच्या पाहणीचा अहवाल वेगळा. मग पेपरात राज्यांची क्रमवारी छापून येते. २०२२ मध्ये आत्महत्यांत महाराष्ट्र पहिला, २२,७४६. त्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८. विरोधक ओरडतात, सरकार 'कारणं वैयक्तिक आहेत' म्हणतं, आणि आठवड्यात विषय संपतो.

मी मात्र या पुस्तकांत एकाच बाईला शोधत असतो. दोन-चार एकर कोरडवाहू, सातबारा नवऱ्याच्या नाही तर सासऱ्याच्या नावावर. निंदण, वेचणी, वैरण, शेण सगळं हिच्याकडे. शिवाय हंगामात दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणं.

रोजगाराच्या अहवालात ती लगेच सापडते. २०२२-२३ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण कामकरी बायकांपैकी ७६.२ टक्के शेतीत होत्या. आणि ४३.१ टक्के 'घरच्या उद्योगातील मदतनीस', म्हणजे राबायचं आणि हातात दमडी नाही. पण अहवालाच्या लेखी ती रोजगारात आहे! ग्रामीण स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ च्या २४.६ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ४१.५ वर गेला, असं भाषणांतून अभिमानानं सांगतात तेव्हा ही बिनपगारी बाईही त्या आकड्यात उभी असते.

आता मृत्यूचं पुस्तक उघडा. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची संख्या ५,२०७. त्यात बाया किती? २०८. चार टक्के! त्याच वर्षीच्या एकूण आत्महत्यांत बायकांचं प्रमाण २८ टक्के आहे. मग शेतातल्या बाया गेल्या कुठे? ६११ शेतमजुरांत आहेत. आणि पलीकडे एक भलामोठा रकाना आहे, 'गृहिणी', २५,३०९. त्यांतल्या किती जणी सकाळी रानात जात होत्या हे त्या पुस्तकातून कुणालाही काढता येणार नाही. जिवंत असताना कामगार, मेल्यावर गृहिणी. सोय बघा.

कुणी म्हणेल, व्याख्या तर चांगली आहे, दुसऱ्याची जमीन कसणाराही शेतकरीच धरलाय. धरलाय खरा. पण ती व्याख्या पुस्तकात असते आणि माहिती पोलीस ठाण्यातून जाते. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो. मयताचा व्यवसाय? घरकाम. कारण? तिथेही एकच खूण. २०२२ मध्ये सर्वांत मोठं कारण 'कौटुंबिक समस्या', ३१.७ टक्के. वसुलीवाला दारात येऊन गेला आणि त्या रात्री घरात भांडण झालं, तर त्याला कर्ज म्हणायचं की कुटुंब?

गुन्ह्यांच्या पुस्तकाचीही तीच तऱ्हा. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी मोजणीत धरतात सगळ्यांत गंभीर तेवढं एकच. असो.

रकाने बदलले की काय होतं याचा नमुना २०१४ चा आहे. २०१३ मध्ये शेतीवाल्यांच्या आत्महत्या ११,७७२. २०१४ मध्ये शेतकरी ५,६५०. निम्म्याहून कमी! त्या वर्षी शेतमजुरांचा रकाना वेगळा काढला होता आणि त्यात ६,७१० जण होते. दोन्हींची बेरीज केली तर आकडा वाढलेलाच दिसतो.

आणि हा नुसता कागदी वाद नाही. महाराष्ट्रात मदत मिळते ती 'पात्र' ठरलेल्या आत्महत्येला, तीही वर्षानुवर्षं एक लाखच. तीस हजार हातात, सत्तर हजार बँकेत अडकवलेले. पात्र ठरायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. हातउसन्याला किंमत नाही. ज्या बाईच्या नावावर ना जमीन ना कर्ज, तिच्या मृत्यूची फाईल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपर्यंत पोचणार तरी कशी?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम काढली होती, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करण्याची. त्याला तीस वर्षं उलटून गेली. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांत बाया होत्या जेमतेम चौदा टक्के. सातबारा बदलायला वेळ लागेल, मान्य. पण पंचनाम्याच्या कागदावर एक ओळ वाढवायला काय लागतं? 'मयत शेतात काम करत होती काय, कोणाच्या.' विचारा की. उत्तर तिच्या शेजारणीलाही माहीत असतं.