दिवा पुन्हा का पेटतो?

कर्जतचा चारफाटा, खोपोलीचा नाका, नेरळचं स्टेशन. कुठंही उभ्या असलेल्या दहा-बारा वर्षं जुन्या डिझेल जीपमध्ये डोकावलं, तर मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला दिसण्याची शक्यता बरीच. मालकाची त्याबद्दल फारशी तक्रार नसते. गाडी चालते, घाट चढते, पीयूसीही मिळते. कोड उडवून आणला होता, परत आला, एवढंच तो सांगतो.

हे परत येणं इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. पण तो बिघाडच आहे. तो नीट शोधणाऱ्या मिस्त्रीला आजची तपासणीची पद्धत काहीच देत नाही. दडवणाऱ्याला मात्र ती सर्टिफिकेट देते.

जुन्या डिझेल गाडीत नेहमी सापडणारा कोड म्हणजे पी ०४०१. ईजीआरमधून वायू पुरेसा जात नाही, असं तो सांगतो. जळून बाहेर पडलेल्या वायूचा थोडा भाग ईजीआर पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आतलं तापमान फार चढत नाही आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी तयार होतात. ही ऑक्साइडं फुप्फुसांना त्रास देतात आणि उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. घाटाच्या पायथ्याशी, अवजड वाहनांच्या रांगेलगत राहणाऱ्या माणसांसाठी हा पुस्तकातला धडा नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड पुसला की दिवा जातो. तो परत येतो यात गूढ काही नाही. उत्सर्जनाचे बहुतेक दोष गाडीचा संगणक एकदा पाहून जाहीर करत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच दिवा लावतो. कोड पुसला की ही मोजणी पहिल्यापासून सुरू होते. शिवाय ईजीआरची चाचणी संगणक ठरावीक वेग, तापमान आणि भार जुळून आला तरच घेतो. स्टेशन ते कडाव, स्टेशन ते कशेळे अशा थांबत-थांबत होणाऱ्या आखूड फेऱ्यांत तो मेळ बसायलाच दिवस जातात. तेवढे दिवस दोष असतो, दिवा नसतो, आणि दुरुस्ती झाली असा समज होतो.

कोड पुसताना आणखी एक गोष्ट जाते, आणि नुकसान खरं तिथं होतं. दोष नोंदला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, पाणी किती तापलं होतं, हे संगणक टिपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. हाच हाताशी असलेला पुरावा, आणि तोच पहिल्या मिनिटाला पुसला जातो. मग खोपोलीहून बोरघाट चढून गाडी 'ट्रायल'ला नेतात. पण घाटात पाय पूर्ण दाबलेला असतो, आणि पूर्ण भारावर ईजीआर बहुधा बंदच असतो. दोष दिसणार तो सपाटीला, हलक्या पायानं एका चालीत चालताना. घाटात काहीच सापडत नाही आणि शेवटी नवा व्हॉल्व्ह बसवला जातो. हजारो रुपये जातात, कोड पुन्हा येतो.

वायू कमी जातो एवढंच कोड सांगतो. का कमी जातो ते माणसानं शोधायचं असतं. कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत ईजीआरचा व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर उघडतो आणि तो व्हॅक्यूम बोटापेक्षा बारीक रबरी नळीतून येतो. नळी जिथं तोटीवर चढवलेली असते तिथं वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ती कडक होते, काठाला केसाएवढी चीर पडते. गार इंजिनावर ती चीर मिटलेली असते, तापलं की उघडते. सकाळी गॅरेजमध्ये आणलेल्या गाडीत म्हणूनच काही मिळत नाही. इंजिन तापवून, हातपंप लावून व्हॅक्यूम ओढावा आणि काटा टिकतो की घसरतो ते पाहावं. हे थोड्या वेळाचं काम आहे. काटा टिकला आणि व्हॉल्व्हची दांडी हलली, तर पुढं वायूच्या वाटेत डांबरासारखा बसलेला कार्बन पाहायचा. तोही साफ निघाला, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ. आत येणारी ताजी हवा किती घटली यावरून संगणक बहुधा ईजीआरचा अंदाज बांधतो, त्यामुळे हा सेन्सर चुकला की सगळा हिशेब चुकतो. आणि इथल्या पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवा गंज तर पाहायलाच हवा.

हे सगळं करणारे मिस्त्री कर्जत-खोपोलीकडेही आहेत. पण तासभर शोधून दहा इंच नळी बदलली, तर गिऱ्हाईक नळीचेच पैसे देतं. शोधण्याचे पैसे द्यायची आपल्याकडे रीतच नाही.

म्हणून सोपी वाट निघते: ईजीआरच्या तोंडावर पत्र्याची चकती बसवून ते बंद करायचं आणि दिवा सॉफ्टवेअरनं कायमचा घालवायचा. पिकअप सुधारल्यासारखा वाटतो. आणि ही गाडी पीयूसीत नापास होत नाही, उलट जास्त सहज पास होते. डिझेलच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी करून पाय दाबतात आणि धूर किती दाट आहे एवढंच पाहतात. बीएस-४ गाडीला मर्यादा प्रति मीटर १.६२, त्याआधीच्या गाडीला २.४५. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. ईजीआर बंद केलं की काजळी घटते आणि ऑक्साइडं वाढतात. म्हणजे जे घटलं ते यंत्राला दिसतं, जे वाढलं ते दिसत नाही.

उभ्या गाडीची तपासणी किती फसवी असू शकते, हे २०१५ मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत वेगळ्या आणि रस्त्यावर वेगळ्या वागत होत्या. इथं पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेनं त्या रस्त्यावर चालवून तपासल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. तिथं सॉफ्टवेअरनं जे केलं, तेच इथं पत्र्याची चकती करते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं बेकायदा फेरबदलाला मालकास ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. पण ती चकती बॉनेट उघडून पाहतो कोण? राज्यानं १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांवर पर्यावरण कर लावला, तोही वयावर. नीट राखलेल्या जुन्या गाडीला आणि चकती मारलेल्या जुन्या गाडीला कर सारखाच.

परिवहन विभागानं पीयूसी केंद्रावर गाडीचा संगणकही वाचायला लावावा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना त्यासाठी ठरावीक जोडणी सक्तीची झाली, आणि तिथली कित्येक राज्यं ती वापरून तपासणी करतात. दिवा पेटला असेल, किंवा कोड नुकताच पुसल्यामुळे आतल्या चाचण्या अपुऱ्या असतील, तर गाडी परत पाठवतात. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांत २०१३ पासून तशीच जोडणी आहे. बीएस-४ देशभर सक्तीचं झालं ते २०१७ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या काही गाड्यांत ती नसेल; त्यांचं बॉनेट उघडून नळी आणि व्हॉल्व्ह डोळ्यांनी पाहावा लागेल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये हातपंप आणि फ्रीझ फ्रेम वाचायला शिकवणं फार खर्चाचं नाही.

मालकानंही बिल मागताना सापडलेला कोड, फ्रीझ फ्रेमचे आकडे आणि शोधण्याची वेगळी मजुरी लिहून घ्यावी, आणि ती मजुरी द्यावी. दुरुस्तीनंतर घाट नको. कर्जत-चौक रस्त्यावर रहदारी कमी असताना तापलेल्या इंजिनावर एका चालीनं गाडी चालवावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच करावं, आणि मग स्कॅनर लावून ईजीआरची चाचणी पूर्ण झाली का ते पाहावं.