कुलगुरूची खुर्ची आणि आईचें नांव

मुंबई विद्यापीठ निघालें १८५७ सालीं. तेथें कुलगुरूच्या खुर्चीवर डॉ. स्नेहलता देशमुख बसल्या १९९५ सालीं. विद्यापीठ निघाल्यापासून शंभराहून अधिक वर्षें ती खुर्ची बाईच्या वाऱ्यासही उभी राहिली नव्हती! आमच्या करवीरांत मात्र शाहू छत्रपतींनीं रखमाबाई केळवकरांस मुलींच्या शाळांवर केव्हांच अधिकारी नेमलें होतें.

देशमुखबाईंनीं काय केलें? विद्यापीठाच्या कागदावर बापासोबत आईचें नांव घातलें. वडगांवच्या बाजारांत म्हैस विकून पोराची फी भरणारी माउली एरवीं कोणत्या कागदावर होती?

“पोरगी शिकून काय कुलगुरू होणार?” असें चावडीवरचे शहाणे विचारतात. शेतकरी बंधूंनो, त्यांस विचारा, तुमचा पोरगा तरी कुठें होणार आहे? त्याची फी भरतांच कीं!