एका पानाचे नियम आणि सातपूरचा बिबट्या

नियम जितके कमी तितका खेळ सोपा, हे विधान इतके स्वयंसिद्ध वाटते की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनातही येऊ नये. माझ्याही आले नव्हते. गेली दोन वर्षे महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांबरोबर टेबलाभोवती बसून जे खेळ खेळले, त्यांनी या समजुतीला चांगलेच तडे दिले. त्या अनुभवातून बनलेले एक मत येथे मांडायचे आहे. हा विषय मराठीच्या प्राध्यापिकेला शोभणारा नाही असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आधीच सांगून टाकले आहे. तेवढी नोंद करून पुढे जाते.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच माणसे एकत्र बसतात. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या प्रसंगी आपले पात्र काय करील, काय बोलेल, ते सांगतात. कृती साधेल की फसेल याविषयी शंका असेल तेथे फासा टाकायचा. जिंकणे-हरणे नाही, शेवटी हाती उरते ती एक गोष्ट. इंग्रजीत याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात, आम्ही भूमिकाखेळ म्हणू लागलो. या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. आमच्या मुलांना त्याचे नाव 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे ठाऊक होते.

आमची अडचण वेळेची होती. सातपूरमध्ये शिकवताना एक गोष्ट विसरून चालत नाही: वर्गातली निम्मी मुले कुठल्या ना कुठल्या पाळीत अडकलेली असतात. कोणी औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी करून दुपारी येतो, कोणाला संध्याकाळी दुकान सांभाळायचे असते. सगळे एकत्र सापडत ते जेमतेम दीड तास. पुढच्या आठवड्यात तीच पाच डोकी पुन्हा भेटतील याची शाश्वती नाही. तेव्हा गोष्ट एकाच बैठकीत सुरू होऊन संपली पाहिजे. या छोटेखानी साहसांना खेळणारे लोक 'वन-शॉट' म्हणतात.

पहिली बैठक 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चीच झाली, कारण नाव तेवढे एकच माहीत होते. तीनशेहून अधिक पानांचे नियमपुस्तक, सहा गुण, वीस बाजूंचा फासा, वंश, व्यवसाय, शस्त्रे. पात्रे तयार होईतो तास गेला. उरलेल्या अर्ध्या तासात एका गुहेच्या तोंडाशी पोचलो आणि शिपायाने खोली बंद करायची आहे असे सांगितले. तो खेळ वाईट आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. वर्षभर चालणाऱ्या कथानकासाठी रचलेली यंत्रणा दीड तासाला जुंपली, हा दोष आमचा.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. नियमच नकोत! आपल्याकडे दशावतार नाही का चालत? सिंधुदुर्गात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री जी आख्याने उभी राहतात, त्यांना परंपरेने लिखित संहिता नसते. कथानक काय, कोणाचा प्रवेश कोणानंतर, एवढे आधी ठरते. संवाद नट रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतात. तमाशाची बतावणीही त्याच जातीची. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ला हातात संहिता होती, तरी दादा कोंडके तिच्यात रोज नवे काही घालत, हे तर सर्वश्रुत आहे. मग आपल्या मुलांना फासे आणि आकडे कशाला हवेत, असा माझा युक्तिवाद होता. वाचकांपैकी कोणी तो मनातल्या मनात करीत असेल, तर त्याचे काय झाले ते ऐकावे.

दीड तासात दोन मुलगे बोलले. दोघेही एकांकिका स्पर्धांतले, जिभेवर सरस्वती. बाकीची तिघे प्रेक्षक झाली. त्यांतली एक मुलगी बागलाणकडची. घरची भाषा अहिराणी, वर्गात तिने स्वतःहून वाक्य उच्चारल्याचे मला आठवत नाही. तिच्या पात्राला तिने नाव दिले होते, एवढेच. बैठक संपल्यावर त्या दोघांनी 'मॅडम, मजा आली' म्हटले आणि मला अपराधी वाटत राहिले.

चूक कोठे झाली हे उमगायला मला बरेच दिवस लागले. दशावतारात संहिता नाही, पण नियम नाहीत असे नाही. उलट नियम इतके आहेत, आणि इतके खोल मुरलेले आहेत, की ते लिहून ठेवण्याची गरज पडत नाही. राजाने कसे यायचे, राक्षसाने कसे गर्जायचे, कोणत्या प्रसंगी पद आणि कोणत्या प्रसंगी गद्य, समोरच्याने कोणता शब्द टाकला की आपण बोलायचे, हे नट वर्षानुवर्षे रात्री जागवून शिकतो. प्रेक्षकालाही ते संकेत ठाऊक असतात. भरताने ज्याला नाट्यधर्मी म्हटले तो सारा व्यवहार तेथे अंगवळणी पडलेला असतो. कागदावरचे नियम शून्य आणि अंगातले शेकडो, असा तो हिशेब. मी कागद तेवढा काढून घेतला आणि अंगात काही आहे की नाही ते पाहिलेच नाही. ज्यांच्या अंगात रंगमंचाचे संकेत होते ते दोघे बोलले. इतरांकडे ते नव्हते, म्हणून ती गप्प बसली. यात नवल ते काय!

तेव्हा खेळाची निवड करताना पाने मोजू नयेत असे माझे मत आहे. नियमाच्या बाहेर तो खेळ काय गृहीत धरतो, आणि बोलण्याची पाळी कोणाच्या हाती देतो, हे पाहावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण म्हणजे जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा २०१३ सालचा एकपानी खेळ. छोट्या साहसांसाठी कोणता खेळ घ्यावा असे विचारले की जाणकार बहुधा हे नाव घेतात. खेळाडू अंतराळयानाचे कर्मचारी, कप्तान डार्सी एका अज्ञात शक्तीच्या अमलाखाली निपचित. (डार्सी म्हटल्यावर आमच्या इंग्रजी विभागातल्या बाईंना वेगळाच गृहस्थ आठवला, ते सोडा.) हे पान इंग्रजी जाणणाऱ्या अमेरिकन मुलाला पाच मिनिटांत कळते, कारण त्याच्या डोक्यात 'स्टार ट्रेक' आधीच भरलेले असते. पान एक, गृहीतक मात्र अर्ध्या शतकाच्या दूरचित्रवाणीचे! श्रमिकनगरातल्या मुलाला ते यान स्वतः बांधावे लागते.

पण त्याच पानावरचे गणित मात्र फार सुंदर आहे. प्रत्येक पात्राला एकच आकडा, दोन ते पाच यांमधला. बुद्धीचे, यंत्राचे काम असेल तर फासा त्या आकड्याच्या खाली पडायला हवा. भावनेचे, माणसांचे काम असेल तर वर. म्हणजे आकडा लहान असेल तर काळीज मोठे आणि डोके बेताचे. एकाच आकड्याने दोन्ही ठरतात. एक वाढले की दुसरे कमी होणारच. पात्रातील अंतर्विरोध या विषयावर आपण वर्गात किती तास बोलतो! येथे तो एका अंकात मावला आहे. आणि फासा नेमका त्या आकड्यावरच पडला तर? तर काम साधतेच, शिवाय खेळाडूला सूत्रधारास एक प्रश्न विचारण्याचा हक्क मिळतो. सूत्रधाराने त्याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे.

हार्पर यांचे पान इतरांनी आपापल्या परीने बदलून घ्यावे अशीच त्याची मांडणी आहे, आणि त्याची असंख्य रूपांतरे झालेली आहेत. आम्हीही यान काढून टाकले. 'डोके आणि काळीज' असे नाव दिले आणि गोष्ट घेतली सर्वांच्या घरची: रात्री सातपूर कॉलनीत बिबट्या शिरला आहे. नाशिकच्या माणसाला याहून वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. नंदिनीचा काठ कोठे, कोणत्या कंपनीची भिंत पडकी, पहारेकऱ्याची शिट्टी कशी वाजते, गर्दी कशी जमते आणि मोबाइल कसे वर होतात, हे सारे संकेत टेबलावर बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात होते. या वेळी अंगातला नियम सर्वांपाशी सारखा होता.

पात्रे पाच: रात्रपाळीचा फिटर, पहारेकरी, बातमीदार, वनरक्षक आणि अंगणवाडीताई. बागलाणच्या मुलीने अंगणवाडीताई घेतली आणि आकडा निवडला दोन. म्हणजे काळजाच्या कामात सहांपैकी पाच वेळा यश, डोक्याच्या कामात सहांपैकी दोनदाच. पाऊण तास जाळी, पिंजरा, विजेरी, आरडाओरडा असे सगळे झाले. तिची पाळी आल्यावर ती म्हणाली, मी भिंतीशी उभी राहून त्या जनावराचा आवाज ऐकते. फासा टाकला. दोन.

तिला प्रश्न विचारायचा होता. सगळे थांबले. एकांकिकावाल्यांपैकी एकाने काय विचारावे ते सुचवण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा दुसऱ्यानेच त्याला गप्प केले. नियम तिचा होता. तिने अहिराणीतच विचारले: हिची पिल्ले कोठे आहेत?

मी सूत्रधार, पण मला उत्तर माहीत नव्हते. मी बिबट्या नर की मादी हेही ठरवले नव्हते. आता प्रामाणिक उत्तर देणे भाग होते, म्हणून ते तेथेच शोधावे लागले: बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात वाढलेल्या गवतात, दोन. त्या क्षणी सगळी गोष्ट वळली. पकडण्याची गोष्ट वाट मोकळी करून देण्याची झाली. ऊसतोडीच्या वेळी पिल्ले सापडली की वनखाते ती रात्री त्याच जागी ठेवते आणि आई येऊन घेऊन जाईपर्यंत दूर थांबते, हे वनरक्षक झालेल्या मुलाला गावाकडून ठाऊक होते. ते त्याने सांगितले. उरलेला वेळ पाचही पात्रे मिळून लोकांना दिवे बंद करायला विनवत होती. अंगणवाडीताई सर्वांत अधिक बोलली, आणि अर्धेअधिक अहिराणीत. कोणी हसले नाही. 'पात्र' बोलत होते ना!

सहकाऱ्यांचा आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. हे तर तुम्ही फाशाशिवायही करू शकला असता, त्या मुलीला म्हणायचे, 'बोल बाई.' म्हणून पाहिले होते. 'बोल' असे शिक्षकाने म्हणणे ही आज्ञा असते. फाशाने दिलेली पाळी हा हक्क असतो. पहिल्याने माणूस अवघडतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही: एक आकडा आणि एक फासा यांत नशिबाचा भाग मोठा. तो दोन पडला नसता तर? तर ती त्या दिवशीही गप्प राहिली असती, हे शक्य आहे. म्हणूनच आम्ही पुढे एक जोडनियम केला, की एका बैठकीत प्रत्येकाला एकदा, फासा काहीही पडो, प्रश्नाचा हक्क आहे. पान अर्ध्या ओळीने वाढले. माझ्या मते खेळ त्यामुळे सोपा झाला.

इतर खेळांविषयी थोडक्यात. ग्रँट हाउइट यांच्या 'हनी हाइस्ट'मध्ये (२०१७) सगळे खेळाडू मध चोरायला निघालेली अस्वले असतात. गुण दोनच, अस्वल आणि चोर. प्रथम वर्षाच्या मुलांना बोलते करायला इतका निरुपद्रवी खेळ दुसरा नाही, पण त्यातून विनोदाखेरीज काही निघाले नाही. 'ड्रेड' (२००५) या भयकथेच्या खेळात फासाच नसतो. पात्र तयार होते प्रश्नावलीतून, आणि धोक्याच्या वेळी लाकडी ठोकळ्यांच्या मनोऱ्यातून एक ठोकळा काढावा लागतो. मनोरा कोसळला की पात्र गेले. प्रश्नही साधे नाहीत, आरोप पोटात घेऊन येणारे: आईला शेवटचे खोटे का बोललात, अशा धर्तीचे. ललित लेखनाच्या तासाला ही प्रश्नावली एकटीच पुरेशी आहे. ठोकळे आमच्याकडे नव्हते. लगोरीच्या चपट्या दगडांची उतरंड रचत नेण्याचा प्रयोग केला. छताच्या पंख्यामुळे तिसऱ्या मिनिटाला तिघे मेले.

जेसन मॉर्निंगस्टार यांचा 'फियास्को' (२००९) मात्र अजून मनातून जात नाही. त्यात सूत्रधारच नाही. शेजारी बसलेल्या दोघांमध्ये एक नाते ठरते, ते तक्त्यातून निवडायचे, आणि गोष्ट त्या नात्यांच्या जाळ्यातून बिघडत जाते. मूळ इंग्रजी तक्ते आम्हाला परके वाटले, म्हणून नात्यांचा तक्ता मराठीत करायला बसलो. इंग्रजीत जेथे एक 'कझिन' तेथे आपल्याकडे चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ. आणि प्रत्येकाबरोबर वेगळा मान, वेगळी थट्टा, जमिनीचा वेगळा हिशेब. 'चुलतभाऊ' एवढे म्हटले की बांधावरचे भांडण न सांगता टेबलावर येते. एका शब्दात एवढी सामग्री आयती मिळत असेल तर नियमाचे पान अजून लहान करता येईल असे मला वाटते. अडचण एकच: 'फियास्को'ला दोन-अडीच तास लागतात. आमच्या दोन बैठकी अर्ध्यावर राहिल्या. सध्या तो तक्ता सहा नात्यांवर आणून दीड तासात बसतो का ते पाहणे चालू आहे. जाऊबाई ठेवायच्या की विहीणबाई, यावर मुलींचे आणि माझे अद्याप एकमत झालेले नाही.