रबरी चाक आणि मुलींची शाळा

‘पिढी बदलली की समाज आपोआप बदलतो, जरा धीर धरा.’ समाजकार्याच्या वर्गात हे ऐकलं, वस्तीतल्या बैठकांत अजून ऐकते. ज्यांना स्वतःला धीर धरावा लागत नाही, तेच बहुधा हे सांगत असतात. त्यांच्यासाठी बोलिव्हियातल्या ओल्ड कॉलनी मेनोनाइटांची गोष्ट.

मेनोनाइट हा सोळाव्या शतकात युरोपात निघालेला, हाती शस्त्र न धरणारा ख्रिस्ती पंथ. त्यातल्या या कर्मठ शाखेने शाळेवरचा ताबा सुटू नये म्हणून देश सोडला. कॅनडात सरकारी इंग्रजी शाळांची सक्ती झाली, तेव्हा १९२२ साली हे लोक मेक्सिकोत गेले. तिथे वीज आणि ट्रॅक्टरची रबरी चाकं यांवरून वाद पेटला आणि १९६७पासून कट्टर मंडळी बोलिव्हियात आली. रबरी चाकं असली तर पोरं ट्रॅक्टर घेऊन शहरात पळतील, म्हणून चाकं लोखंडीच हवीत! म्हणजे ट्रॅक्टर चालतो. शेतीला लागतो ना.

चाकांवर इतका खल करणाऱ्या सभेत मत फक्त पुरुषांना. मुलींची शाळा बाराव्या वर्षाच्या आसपास संपते. बाजार, बँक पुरुषांकडे, त्यामुळे स्पॅनिशही त्यांनाच येते. बाईपाशी उरते घरातली जर्मन बोली.

याची किंमत मानितोबा नावाच्या वसाहतीत दिसली. २००५ ते २००९ या काळात तिथे रात्री घरांत गुरांचं गुंगीचं औषध फवारून शंभराहून अधिक बायकामुलींवर बलात्कार झाले. सकाळी अंग दुखतं, काही आठवत नाही, असं त्या सांगत. उत्तर मिळे, सैतानाची करणी, नाहीतर मनाचे खेळ. गुन्हेगार वसाहतीतलेच निघाले. २०११मध्ये सात जणांना प्रत्येकी २५ वर्षांची शिक्षा झाली. खटला स्पॅनिश बोलणाऱ्या कोर्टात. आणि घरी परतलेल्या बायकांना उपदेश कसला, तर क्षमा करा!

‘ती त्यांची संस्कृती, आपण कोण बोलणार?’ म्हणणाऱ्यांना मी विचारते, ही संस्कृती ठरवताना त्या बायकांना कुणी विचारलं होतं? त्यांनी प्रार्थना सोडावी, टोपडं उतरवावं, असं माझं म्हणणं नाही. पोलिसांशी स्वतः बोलता येईल इतकं स्पॅनिश मुलीला शिकवा आणि सभेत तिचं मत मोजा. यासाठी नवी पिढी जन्माला यावी लागत नाही. पुढच्या सभेतही हे ठरवता येईल.